मुका मार

अपघातातल्या माणसाला जीपमधून किंवा रिक्षातून उतरवतात तेव्हा सोबतच्या गर्दीतला पहिला प्रश्न ठरलेला असतो. "डोक्याला नाही ना लागलं?" डोकं शाबूत आहे, हातपाय हलतायत, रक्त वाहत नाही, माणूस नाव-गाव सांगतोय, एवढं कळलं की सगळ्यांचा जीव भांड्यात पडतो. मग कुणीतरी निकाल देऊन टाकतं, "थोडा मुका मार आहे छातीला, बाकी काही नाही." त्यानंतर हळदीचं दूध, आंबेहळदीचा लेप, मेडिकलवरून आणलेल्या दोन गोळ्या आणि घर. जिल्ह्याच्या गावी सर्जन म्हणून काम करताना मला तीसेक वर्षं झाली. वाचायला हवी होती आणि वाचली नाहीत अशी जी माणसं मला रात्री-अपरात्री आठवतात, त्यांतली बरीच या "बाकी काही नाही"मधली आहेत.

मुका मार हा शब्द आपल्याकडे घरात चालतो, पोलिसांच्या कागदात चालतो, कोर्टातही चालतो. कातडी फाटलेली नाही, आत काय झालंय ते दिसत नाही, असा तो मार. पोटावर असा मार बसला तर निदान आपण सोनोग्राफी करून घेतो. छातीच्या बाबतीत मात्र दोन टोकं दिसतात. एक तर काहीच करायचं नाही, किंवा थेट पुण्या-मुंबईला हलवायचं. मधलं जे करायचं असतं ते तालुक्याच्या ठिकाणी अर्ध्या तासात होण्यासारखं आहे, आणि नेमकं तेच आपल्याकडे होत नाही. मला या लेखात मांडायचं आहे ते एवढंच: छातीच्या मारानं दगावणाऱ्या पुष्कळ माणसांना वाचवायला बडा सर्जन लागत नाही, एक नळी लागते आणि ती न घाबरता घालणारा डॉक्टर लागतो. इमारती, गाड्या आणि विम्याच्या योजना यांत गुंतलेल्या आपल्या सरकारांनी, आणि आम्ही डॉक्टरांनीसुद्धा, हा हात घडवण्याचं काम सोडून दिलेलं आहे.

आत काय होतं ते आधी सांगतो, कारण ते कळलं की पुढचं भांडण समजायला सोपं जाईल.

लोहाराचा भाता पाहिलेल्यांना श्वास समजावून सांगावा लागत नाही. फुफ्फुसाला स्वतःहून फुगता येत नाही. बरगड्या वर उचलल्या जातात, पोट आणि छातीमधला स्नायूचा पडदा खाली सरकतो, छातीची पोकळी मोठी होते आणि तिच्या मागोमाग फुफ्फुस ताणलं जातं. फुफ्फुस आणि छातीची भिंत यांच्यामध्ये एक बारीक ओलसर फट असते. तिथला दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी असतो, म्हणून दोन ओल्या काचा चिकटून राहाव्यात तसं फुफ्फुस भिंतीला धरून राहतं. मोडलेल्या बरगडीचं टोक फुफ्फुसात घुसलं आणि या फटीत हवा शिरली की ती पकड सुटते आणि फुफ्फुस आक्रसून गोळा होतं. त्या फटीत रक्तही साठू शकतं. मोठ्या माणसाच्या अंगात पाचेक लिटर रक्त असतं आणि छातीच्या एका बाजूत त्यातलं दोन-तीन लिटर सहज मावतं. शर्टावर डागसुद्धा न पडता माणूस रक्तस्रावानं जाऊ शकतो, तो असा.

सगळ्यात वाईट प्रकार म्हणजे सायकलच्या व्हॉल्व्हसारखी झालेली जखम. श्वासागणिक हवा फटीत शिरते, पण बाहेर पडत नाही. दाब वाढत जातो, हृदय पलीकडे ढकललं जातं, शिरांमधून हृदयाकडे परत येणारं रक्त अडतं. मानेच्या शिरा फुगतात, नाडी पळते, रक्तदाब पडतो, आणि काही मिनिटांत खेळ संपतो. याचं निदान बघून, बोटांनी ठोकून आणि स्टेथोस्कोप लावून करायचं असतं. आमच्या शिक्षकांच्या भाषेत, अशा पेशंटचा एक्स-रे काढणं म्हणजे त्याच्या मृत्यूचा फोटो काढणं.

भाता हलायला जागाही लागते. 2005 साली मांढरदेवीच्या यात्रेत जवळपास तीनशे माणसं गेली, 2017 साली एल्फिन्स्टन रोड स्टेशनच्या पुलावर तेवीस. अशा चेंगराचेंगरीत "पायदळी तुडवले गेले" असं आपण म्हणतो. प्रत्यक्षात अशा गर्दीत पुष्कळ जण उभ्या-उभ्या जातात. चहूबाजूंनी इतका दाब असतो की छाती फुगवताच येत नाही. तोंडापुढं हवा असते आणि ती आत घेता येत नाही.

बाकीचे प्रकार थोडक्यात. तीन किंवा जास्त लागोपाठच्या बरगड्या प्रत्येकी दोन ठिकाणी मोडल्या तर छातीचा तो तुकडा सुटा होतो. श्वास घेताना सगळी छाती वर येते आणि तो तुकडा आत जातो. फुफ्फुस ठेचलं गेलं तर पहिल्या दिवशी एक्स-रे अगदी स्वच्छ दिसू शकतो, आणि चोवीस ते अठ्ठेचाळीस तासांत फुफ्फुस पाण्यानं भरल्यासारखं होतं. म्हणून "एक्स-रे नॉर्मल आहे, घरी जा" हे वाक्य मी माझ्या ज्युनियरांना बोलू देत नाही. हृदयाला, महारोहिणीला, श्वासनलिकेला इजा होते तेव्हा मात्र खरंच मोठं ऑपरेशन लागतं, आणि त्यांतले बरेच जण दुर्दैवानं आमच्या दारापर्यंत पोचतच नाहीत.

आता नळीबद्दल. काखेच्या खाली, चौथ्या-पाचव्या बरगडीच्या मधल्या जागेत भूल द्यायची, लहानसा छेद घ्यायचा, बोट आत घालून फट चाचपायची आणि नळी सरकवायची. नळीचं दुसरं टोक पाण्याखाली बुडेल अशा बाटलीला जोडायचं. हवा बुडबुड्यांनी बाहेर पडते, पाण्यामुळे परत आत जात नाही. रक्त बाटलीत उतरतं, त्यामुळे किती गेलं ते मोजताही येतं. फुफ्फुस परत फुलतं आणि भिंतीला टेकलं की बऱ्याच वेळा त्याच्या दाबानं रक्तस्राव आपोआप थांबतो. पाण्याखालच्या या बाटलीची युक्ती एकोणिसाव्या शतकातली आहे. हॅम्बुर्गच्या ब्यूलाऊ या डॉक्टरनं ती छातीत पू झालेल्यांसाठी रूढ केली, तेव्हा एक्स-रेचा शोधही लागला नव्हता. आज नळी आणि बाटली दोन्ही काही शे रुपयांत येतात.

जगभर शिकवला जाणारा आकडा असा आहे: छातीला मुका मार बसलेल्यांपैकी दहा टक्क्यांहून कमी लोकांना छाती उघडावी लागते. भोसकल्याच्या किंवा गोळीच्या जखमांतही हे प्रमाण पंधरा ते तीस टक्के इतकंच. बाकी सगळे नळी, ऑक्सिजन, वेदनाशमन, लागलं तर काही दिवस व्हेंटिलेटर आणि श्वासाचा व्यायाम, एवढ्यावर बरे होतात. आणि दुसरीकडे, अपघाती मृत्यूंपैकी सुमारे चौथा हिस्सा छातीच्या इजेमुळे होतो. इतकं मारक आणि तरीही उपचाराला इतकं साधं असं दुसरं दुखणं माझ्या पाहण्यात नाही.

मग अडतं कुठे?

आमच्या भागातला प्रसंग सांगतो. ऊस गळीताचा हंगाम होता. रात्री रस्त्याच्या कडेला उभ्या केलेल्या उसाच्या ट्रॉलीवर एक पोरगा मोटारसायकलसह मागून आदळला. ट्रॉलीला ना लाल दिवा, ना रिफ्लेक्टर. (दर हंगामात हेच. आरटीओ पट्ट्या वाटतो, बातमी येते, फोटो येतो, आणि पट्ट्या चिखलाखाली जातात.) गावकऱ्यांनी 108ला फोन केला, गाडी वीस-पंचवीस मिनिटांत आली, पोराला तालुक्याच्या सरकारी रुग्णालयात पोचवलं. इथवर सगळं उत्तम. तिथं सलाइन लागलं, ऑक्सिजन लागला, एक्स-रे निघाला, आणि चाळीस मिनिटांनी चिठ्ठी झाली: "मुका मार छातीस. दम लागतो. पुढील उपचारार्थ." सत्तर किलोमीटर. आमच्या दारात उतरवला तेव्हा त्याच्या मानेच्या शिरा दोरीसारख्या झाल्या होत्या. सुई घातली, हवा फुस्सकन सुटली, नळी घातली, पण मेंदूला रक्त मिळालं नाही तो वेळ फार झाला होता. तिसऱ्या दिवशी गेला.

मी त्या डॉक्टरला फोन केला, झापायलाच. सव्वीस-सत्तावीस वर्षांचा मुलगा, सरकारी सेवेच्या बाँडवर लागलेला. तो म्हणाला, "सर, नळी होती कपाटात. मी घालताना पाहिलंय दोनदा. स्वतः कधी घातली नाही." त्यावर मला बोलता आलं नाही. कारण त्याला न शिकवता पदवी देणाऱ्या व्यवस्थेत मीही वर्षानुवर्षं परीक्षक म्हणून बसलोय.

आमच्या वेळी हे आपोआप शिकलं जायचं. टीबीच्या वॉर्डात छातीत पू-पाणी झालेले पेशंट रांगेनं असायचे, इंटर्नशिप संपेपर्यंत दहा-पंधरा नळ्या हाताखालून जायच्या. ते काही आदर्श शिक्षण नव्हतं. पेशंटच्या जिवावर शिकणं होतं ते, आणि त्याचे व्रण मी पाहिलेत. 2019 पासूनच्या नव्या अभ्यासक्रमात व्हॉल्व्हसारखी साठत जाणारी हवा, साठलेलं रक्त आणि बरगड्यांचा सुटा तुकडा या छातीच्या तिन्ही आणीबाणीच्या अवस्था नावानिशी आहेत, ही चांगली गोष्ट. पण त्या ओळखणं आणि हाताळणं हे कौशल्य "सिम्युलेटेड" वातावरणात, म्हणजे पुतळ्यावर, करून दाखवलं की पुरे. पुतळ्यावर शिकायला माझी ना नाही, विमानाचे पायलटही तसेच शिकतात. पायलटला मात्र त्यानंतर शेजारी अनुभवी माणूस बसवून खरं विमान उडवायला देतात. आमचा इंटर्न त्या वर्षात रक्ताच्या बाटल्या लॅबला पोचवतो आणि उरलेल्या वेळात पीजीच्या प्रवेश परीक्षेचे प्रश्न सोडवतो.

या विषयावरचा जगातला सर्वात प्रसिद्ध कोर्स कसा जन्मला ती गोष्ट इथं सांगायलाच हवी. 1976 साली अमेरिकेतल्या नेब्रास्का राज्यात जेम्स स्टायनर नावाच्या अस्थिरोगतज्ज्ञाचं छोटं विमान शेतात कोसळलं. बायको जागीच गेली, तीन मुलं गंभीर जखमी झाली. जवळच्या लहान गावातल्या रुग्णालयात जे उपचार मिळाले ते पाहून तो हादरला. त्यातून दोन वर्षांत गंभीर अपघातग्रस्तांच्या पहिल्या उपचारांचा एटीएलएस हा अभ्यासक्रम उभा राहिला, आणि 1980 साली अमेरिकन सर्जनांच्या संघटनेनं तो आपलासा केला. म्हणजे मक्याच्या शेतांमधल्या छोट्या दवाखान्यातल्या, वर्षात दोनच गंभीर अपघात बघणाऱ्या डॉक्टरसाठी तो बनवलेला होता. आपल्याकडे तो कोण करतं? महानगरातल्या कॉर्पोरेट रुग्णालयातले पीजी, बायोडाटासाठी, हजारोंची फी भरून. सिंदखेडराजा किंवा करमाळ्याच्या रात्रपाळीतल्या डॉक्टरच्या वाट्याला तो येत नाही.

सरकारनं काहीच केलं नाही असं म्हणणं खोटेपणाचं होईल. 2014 साली राज्यात 108 सुरू झाली, 937 गाड्या, प्रत्येक गाडीत डॉक्टर, आणि तिनं खेड्यापाड्यांतलं चित्र बदललं. 2016 साली सर्वोच्च न्यायालयानं अपघातग्रस्ताला मदत करणाऱ्याला पोलिसी जाचापासून संरक्षण दिलं, 2019च्या दुरुस्तीनं ते मोटार वाहन कायद्यातच आलं. 2025च्या मे महिन्यापासून केंद्राची रोकडरहित उपचारांची योजना आहे, दीड लाखापर्यंत, सात दिवस. समृद्धी महामार्ग 701 किलोमीटर पूर्ण झाला, त्यावरून गाडी ताशी 120नं जाते. म्हणजे आपटण्याचा वेग आपण वाढवला, आपटलेल्याला उचलायची सोय केली आणि त्याच्या बिलाचीही सोय केली. पण त्याला नेऊन पोचवायचं कुठं? मार्च 2022ची ग्रामीण आरोग्याची केंद्राची आकडेवारी सांगते की देशातल्या सामुदायिक आरोग्य केंद्रांत, ज्यांना आपण ग्रामीण रुग्णालय म्हणतो, गरजेच्या मानानं 83 टक्के सर्जन कमी होते. त्याच वर्षी रस्त्यांवर देशात 1,68,491 आणि महाराष्ट्रात 15,224 माणसं मेली. देशभरच्या या मृतांत दर शंभरात चव्वेचाळीसहून अधिक दुचाकीवरचे.

सर्जन तालुक्याला येत नाहीत, हे मला मान्य आहे, आणि येत्या दहा वर्षांत ते येतील असं मला वाटत नाही. माझं म्हणणं असं, की नळी घालायला सर्जन लागतोच हा आग्रह सोडा. एमबीबीएस डॉक्टरला हे यायला हवं, जसं बाळंतपण यायला हवं.

यावर माझ्याच व्यवसायातले लोक जो आक्षेप घेतात तो हलका नाही. नळी घालण्यात गुंतागुंत होते, आणि ती थोडीथोडकी नसते. खूप खाली घातली तर यकृतात किंवा प्लीहेत जाते, जोर लावून घातली तर फुफ्फुसात. चामडीखालीच राहिली तर उपयोग शून्य. जंतुसंसर्ग होतो. शिकवणाऱ्या मोठ्या रुग्णालयांतसुद्धा हे घडतं, मग तालुक्याला काय होईल? मी स्वतः चुकीच्या जागी घातलेल्या नळ्या काढल्या आहेत. तरीही हिशेब मांडायचा तर दोन्ही बाजू मांडाव्या लागतात. आडवी गेलेली नळी मी दुसऱ्या दिवशी दुरुस्त करू शकतो. सत्तर किलोमीटरच्या रस्त्यावर घुसमटून गेलेल्या माणसाला काय करू? आणि गुंतागुंत टाळण्याचा उपाय शिकवणं हाच आहे. बोट आत घालून खात्री केल्याशिवाय नळी सरकवायची नाही, टोकदार सळईवर चढवून ढकलायची नाही, या दोन सवयी लागल्या तरी निम्मं संकट टळतं.

दुसरा आक्षेप कुणी मोठ्यानं बोलत नाही. भीती. पेशंट टेबलावरच दगावला तर बाहेर पन्नास माणसं उभी असतात. डॉक्टरांवरच्या हल्ल्यांविरुद्ध 2010चा राज्याचा कायदा आहे, पण रात्री दोन वाजता दगड येतो तेव्हा कायद्याचं पुस्तक आडवं धरता येत नाही. म्हणून रेफर. चिठ्ठी लिहिली की जबाबदारी गाडीत बसून निघून जाते. आधी जीव वाचवा, कागद नंतर, असं सर्वोच्च न्यायालयानं 1989 सालीच परमानंद कटारा खटल्यात सांगितलं. मात्र ते न करणाऱ्याला आजही कुणी विचारत नाही, आणि करताना हात चुकलेल्याला सगळे विचारतात. वाटेत गेलेला पेशंट कुणाच्याच खात्यावर चढत नाही, हे या सगळ्याचं मूळ आहे असं माझं मत आहे. बाळंतपणात बाई दगावली तर तिच्या मृत्यूचं अन्वेषण होतं, समिती बसते, कुठं उशीर झाला ते लिहावं लागतं. या लिहावं लागण्यामुळेच तिथं सुधारणा झाली. अपघाताच्या मृत्यूत असं कोण विचारतं?

आता म्हाताऱ्यांबद्दल, कारण या विषयात त्यांना सगळेच विसरतात. न्हाणीत पाय घसरून पडलेली सत्तरीची आजी, पायरी चुकलेले आजोबा. दोन-तीन बरगड्या मोडतात. घरचे म्हणतात, बरगडीला प्लास्टर नसतंच, आपोआप जुळेल. खरंय, जुळते. पण दुखतं म्हणून आजी खोल श्वास घेत नाही, खोकत नाही, कूस बदलत नाही. कफ साचतो, पाचव्या-सहाव्या दिवशी न्यूमोनिया होतो आणि दहाव्या दिवशी "वय झालं होतं" असं म्हणत आपण तिला पोचवून येतो. सिएटलमधल्या डॉक्टरांनी 2000 साली पासष्टीपुढच्या रुग्णांचा हिशेब मांडला होता. मोडलेल्या प्रत्येक जास्तीच्या बरगडीमागं मृत्यूचा धोका 19 टक्क्यांनी आणि न्यूमोनियाचा 27 टक्क्यांनी चढत जातो. तिशीतल्या पैलवानाच्या सहा बरगड्यांपेक्षा आजीच्या तीन बरगड्यांची मला जास्त धास्ती वाटते.

आणि तिला आपण काय देतो? छातीला आवळून बांधायचा पट्टा. हाडवैद्य लेप लावून बांधतो, मेडिकलवाला इलॅस्टिकचा विकतो, आमच्यातलेही काही जण अजून लिहून देतात. बांधलं की दुखणं जरा कमी होतं म्हणून बरं वाटतं. पण भात्याला दोरी करकचून बांधल्यावर वारा कसा निघणार? पट्ट्याची ही पद्धत वैद्यकानं कधीच सोडली. आजीला हवं असतं भरपूर वेदनाशमन, वेळच्या वेळी, दुखल्यावर नव्हे तर दुखायच्या आधी. खोकताना छातीला उशी दाबून धरायला शिकवणं, अंथरुणात बसतं करणं, दुसऱ्या दिवशी चालवणं, आणि श्वासाच्या व्यायामाचं तीन चेंडूंचं ते प्लास्टिकचं यंत्र दर तासाला ओढायला लावणं. यातली शेवटची गोष्ट सोडली तर एका पैशाचं यंत्र लागत नाही, घरातली सूनबाई किंवा नातू हे सगळं करू शकतो, पण त्यांना बसवून दहा मिनिटं कुणी समजावून सांगत नाही. फिजिओथेरपिस्टकडे आपण अजून कंबरदुखीचा शेक देणारा माणूस म्हणून बघतो.

दुखणं थांबवायची औषधंही तालुक्याला जेमतेमच असतात. मॉर्फीनसारखी औषधं अमली पदार्थांच्या (एनडीपीएस) कायद्याखाली येतात. 2014च्या दुरुस्तीनं परवान्याची कटकट बरीच कमी झाली, पण कपाटाची किल्ली आणि नोंदवही सांभाळण्याची धास्ती तशीच आहे, म्हणून मागवतच नाहीत. बरगड्यांच्या नसा बधिर करण्याच्या चांगल्या पद्धती आल्या आहेत. 2016 साली वर्णन झालेली पाठीच्या स्नायूखाली औषध सोडण्याची पद्धत तर बरीच सोपी आहे. पण तिला सोनोग्राफीचा प्रोब लागतो, आणि इथं गाडी वेगळ्याच दगडाला अडते.

छातीत हवा आहे की रक्त, हे सोनोग्राफीनं दोन मिनिटांत कळतं, पेशंटला टेबलावरून न हलवता. बाहेरच्या देशांत अपघात विभागातला डॉक्टर ते स्वतः बघतो. आपल्याकडे गर्भलिंगनिदान प्रतिबंधक कायद्यामुळे प्रत्येक मशीन नोंदलेलं, प्रत्येक वापरणारा नोंदलेला. हा कायदा महाराष्ट्राला किती गरजेचा होता आणि आहे, ते बीडचं 2012चं स्त्रीभ्रूणहत्येचं प्रकरण आठवणाऱ्या कुणालाही सांगायला नको. त्याला धक्का लावा असं मी म्हणणार नाही. मात्र मुलीचा गर्भ वाचवणाऱ्या कायद्यामुळे अपघातातल्या तरुण मुलीची छाती बघता येऊ नये, एवढी आपली कल्पकता आटलेली नसावी. फक्त उथळ भाग दाखवणारे प्रोब असलेली, गर्भ बघता येणार नाही अशी मशीन अपघात विभागांसाठी वेगळ्या नोंदणीनं देता येतील का, यावर निदान चर्चा तरी व्हावी.

जाता जाता सीट बेल्टचं. "पट्ट्यामुळेच बरगडी मोडली डॉक्टर, नसता लावला तर बरं झालं असतं," असं मला वर्षातून दोन-तीनदा ऐकावं लागतं. मोडते कधीकधी, कबूल आहे. तो जोर पट्ट्यानं घेतला नसता तर स्टीअरिंगनं किंवा पुढच्या सीटनं घेतला असता, आणि मग ही तक्रार करायला माणूस समोर बसलेला नसता. सायरस मिस्त्री 2022 साली पालघर जिल्ह्यात गेले ते मागच्या सीटवर, पट्टा न लावता. त्यानंतर मुंबईत मागच्या सीटवर पट्ट्याची सक्ती जाहीर झाली, चार दिवस लोकांनी लावला.

मला काय हवं आहे ते विचाराल तर यादी फार मोठी नाही. ग्रामीण आणि उपजिल्हा रुग्णालयात रात्रपाळी करणाऱ्या प्रत्येक डॉक्टरला रुजू होण्याआधी पंधरा दिवस वैद्यकीय महाविद्यालयाच्या अपघात विभागात ठेवा, आणि वरिष्ठाच्या देखरेखीखाली काही नळ्या स्वतः घातल्याशिवाय सोडू नका. पीजीच्या विद्यार्थ्यांना आता तीन महिने जिल्हा रुग्णालयात काढावे लागतात. त्यांतल्या सर्जरीवाल्यांना कागद भरायला बसवण्यापेक्षा तालुक्याला पाठवून तिथल्या डॉक्टरांना शिकवायला लावा. 108मधल्या डॉक्टरला, तो कुठल्या पॅथीचा आहे हा वाद बाजूला ठेवून, व्हॉल्व्हसारखी अवस्था ओळखायला शिकवा, आणि त्यानं फोन केला की वरिष्ठ डॉक्टर रात्री दोनलाही उचलेल अशी एक लाइन ठेवा. वाटेत गेलेल्या प्रत्येक अपघातग्रस्ताची माता-मृत्यूसारखी चौकशी होऊ द्या. कुणाला लटकवायला नाही, कुठं हात कमी पडला ते कळायला. या सगळ्याला मिळून एका ट्रॉमा सेंटरच्या फरशीइतका खर्च येईल. फीत कापायला मात्र काही मिळणार नाही, ही यातली खरी अडचण.

आणि रेफरच्या छापील चिठ्ठीवर एक ओळ वाढवा: "छातीत नळी घातली का? नसल्यास कारण." आमच्या भागातल्या ओळखीच्या डॉक्टरांना ती हातानं लिहायची मी विनंती केली होती. बहुतेकांनी हसून मान डोलावली. त्या पोराच्या वेळचा तो बाँडवाला मुलगा मात्र त्यानंतर महिनाभर दर रविवारी बसनं माझ्याकडे येत राहिला आणि कॅज्युअल्टीत उभा राहिला. चौथ्या रविवारी त्यानं पहिली नळी घातली, घामानं ॲप्रन भिजवून. पुढच्या पावसाळ्यात त्याच्याकडून एक पेशंट आला, ट्रॅक्टर अंगावर उलटलेला, पन्नाशीचा माणूस. मांडीशेजारी बाटली खाली नीट धरून बसलेला, बाटलीत साडेचारशे मिली रक्त, पाणी श्वासाबरोबर वरखाली होतंय. चिठ्ठीवर वेळ टाकली होती, रात्री 1.40, आणि खाली वाकड्या अक्षरात, "घातली. टाके जरा सैल वाटतात, बघून घ्या सर."

टाके खरंच सैल होते. मी एक वाढवला.